पायरीवरची अर्धी बाटली

आमच्या अल्मा स्ट्रीटवर कुणाच्या घरात काय चाललंय हे कळायला कुणाच्या घरात शिरावं लागत नसे. सकाळी पायरीवर नजर टाकायची. एरवी दोन बाटल्या असतात तिथे चार दिसल्या की पाहुणे आलेत. दोनाची एक झाली की मुलगा घर सोडून गेला, नाहीतर नवरा. रुपेरी झाकणाऐवजी सोनेरी झाकणाची, सायीच्या महाग दुधाची बाटली दिसली की नाताळ आलाय किंवा कुणाला तरी मिरवायचंय. आणि उन्हं वर आली तरी बाटली आत गेली नाही, तर जाऊन दार ठोठावायचं. आता दूध प्लॅस्टिकच्या कॅनमधून येतं, मोटारीच्या डिकीतून थेट स्वयंपाकघरात जातं, आणि शेजारी मरून पडला तरी वास सुटेपर्यंत कुणाला पत्ता नसतो. याला सोय म्हणतात.

रिकाम्या बाटल्यांचंही तसंच होतं. संध्याकाळची कामं आवरली की त्या धुऊन पायरीवर ठेवायच्या. सकाळी क्लिफची विजेवरची दुधाची गाडी गुणगुणत यायची, रिकाम्या बाटल्या क्रेटमध्ये जायच्या, भरलेल्या पायरीवर राहायच्या. धुऊन म्हणजे नुसतं पाणी दाखवून नव्हे. आधी गार पाणी घालायचं, मग कढत. आधीच कढत घातलं तर दूध काचेला धरतं आणि तळाशी पांढरं कडं राहतं. हे मला समोरच्या थ्रेलफॉलबाईंनी शिकवलं, आणि ज्या पद्धतीने शिकवलं ती मी वीस वर्षं विसरले नाही.

मी लग्न होऊन नुकतीच त्या गल्लीत आले होते. मिलमधून दमून आले, बाटली विसळली न विसळली, पायरीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी दार वाजलं. आयव्ही थ्रेलफॉल. एप्रनला इस्त्री, केसांवर जाळी, आणि माझी बाटली दोन बोटांत मानेला धरलेली, मेलेला उंदीर धरावा तशी. म्हणाल्या, "क्रॉसलीबाई ना तुम्ही? घाईत राहिलं असेल. आमच्या गल्लीत धुऊन ठेवतात." मग गार पाणी, कढत पाणी सगळं समजावून सांगितलं, चांगलं मोठ्या आवाजात. मॉरीन बिबी तेव्हा शेजारच्या दारात उभी होती. म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की स्टॅन क्रॉसलीच्या बायकोला बाटली धुता येत नाही.

त्या दिवसापासून आमच्यात हवापाण्यापलीकडे बोलणं नव्हतं. पण माझ्या बाटल्या लखलखायला लागल्या. त्यांच्यापेक्षा जास्त, असं मी म्हणेन. त्या पायरीची कड पांढऱ्या दगडाने घासायच्या, मी पण घासायचे. त्यांनी पडदे धुतले की आठवड्याच्या आत माझे दोरीवर. स्टॅन म्हणायचा, तुम्हा दोघींना एकमेकींची सवय लागलीय, एक गेली तर दुसरी आजारी पडेल. त्याच्या बोलण्याकडे मी लक्ष देत नसे. मिल बंद पडल्यापासून तो घरीच होता आणि घरी बसलेल्या पुरुषाला फार सुचतं.

मग एका वर्षी वसंतात, एका संध्याकाळी, मी पडदा ओढायला खिडकीशी गेले आणि समोर पाहिलं. थ्रेलफॉलबाईंच्या पायरीवर बाटली. तळाशी दोन बोटं दूध तसंच.

मी स्टॅनला हाक मारली. खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की मी त्याला पेपर टाकून खिडकीशी यायला लावलं. तो म्हणाला, "म्हातारी झाली बिचारी." मी म्हटलं, माझ्या वेळी मी नवी होते, माझं वय कुणी बघितलं होतं? त्या रात्री मी छान झोपले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग जवळपास रोज. कधी तळाशी थोडं, कधी अर्धी बाटली दूध, रुपेरी झाकण चिमटीने दाबून वर बसवलेलं. चांगलं दूध. ज्या बाईने आयुष्यात पावाचा तुकडा वाया घालवला नाही ती अर्धी बाटली दूध पायरीवर टाकून देते, याचा आनंद करायचं माझं हळूहळू बंद झालं. चार-सहा दिवसांनी मॉरीन बिबी मला कोपऱ्यावरच्या दुकानात म्हणाली, "बघितलंस ना समोर? वरचा मजला रिकामा व्हायला लागलाय." आणि कपाळावर बोट ठेवलं. मला तिचं ते बोट आवडलं नाही. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

क्लिफला मी सहज विचारलं, थ्रेलफॉलबाई कशा आहेत. तो म्हणाला, "परवा मला विचारत होत्या, तुझ्या बापाचा खोकला कसा आहे." क्लिफच्या बापाने आमच्या गल्लीत घोडागाडीवरून दूध घातलं होतं आणि तो वारूनही बरीच वर्षं झाली होती. क्लिफ म्हणाला, मी सांगितलं बरा आहे. आणखी काय सांगणार? बाटल्यांबद्दल तो काही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

थ्रेलफॉलबाईंचा मुलगा जेफ्री साउथपोर्टला असतो, समुद्राकाठी. महिन्यातून एकदा यायचा. माणूस वाईट नाही, पण सतत कुणीतरी मागे लागल्यासारखा घाबरलेला. आईने एकदा पातेलं गॅसवर विसरून जाळलं तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर होता. नाताळात त्याने आईला फ्रिज घेऊन दिला होता. मागच्या खेपेला तो माझ्या दाराशी येऊन म्हणाला होता, "मिसेस क्रॉसली, तुम्ही अगदी समोर राहता. आईचं काही वेगळं दिसलं तर मला फोन करा. आमच्या घराजवळ एक चांगला वृद्धाश्रम आहे, तिथे मी नाव घालून ठेवलंय." आणि नंबर दिला.

आणि थ्रेलफॉलबाईंचं म्हणणं सगळ्या गल्लीला माहीत होतं. नवऱ्याला पुरून आल्यावर, हातात सँडविचची बशी धरून, त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या की या दारातून मी आता आडवीच बाहेर पडणार. मी कुणाच्या समुद्राकाठी लोळायला जाणार नाही.

म्हणजे सगळं त्या बाटलीवर होतं. आज मॉरीनला दिसली, उद्या ती जेफ्रीच्या कानावर घालणार. मॉरीनच्या पोटात एक गोष्ट दोन दिवस राहिलेली मी पाहिलेली नाही. आणि जेफ्री आईला मोटारीत घालून घेऊन जाणार.

मला काय, असं मी स्वतःला म्हणून पाहिलं. जमलं नाही. मी चांगली बाई आहे म्हणून नव्हे. वीस वर्षं ज्या बाईशी मी झगडत आले तिने असं, घाण बाटली ठेवून, हरावं हे मला सहन होईना. शत्रू असावा तर धड असावा. समोरच्या खिडकीत ती जाळी लावलेलं डोकं नसेल तर मी पडदे कुणासाठी धुवायचे?

जूनमध्ये आमच्याकडे भल्या पहाटेच लख्ख उजाडतं. गाऊन चढवायचा, माझ्या धुतलेल्या बाटल्यांतली एक घ्यायची, रस्ता ओलांडायचा, त्यांच्या पायरीवर ती ठेवायची आणि त्यांची दुधाची बाटली गाऊनच्या आड धरून परत यायचं. दूध मोरीत ओतायचं, बाटली धुवायची, दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची. क्लिफ यायच्या आत सगळं उरकलेलं. स्टॅनने दुसऱ्याच दिवशी मला पकडलं. म्हणाला, हे बरोबर नाही डोरीन, जेफ्रीला फोन कर, उद्या म्हातारी घर पेटवून घेईल. मी म्हटलं, तिच्या धुराड्यावर मी लक्ष ठेवून आहे. तो म्हणाला, बरं, निदान ते दूध तरी ओतू नकोस, खीर कर. पण दुसऱ्याच्या घरातलं दूध माझ्या पातेल्यात घालणं मला पटेना. ती चोरी झाली असती.

महिनाभर हे चाललं. मॉरीन दुकानात म्हणाली, समोरचीचं डोकं पुन्हा ताळ्यावर आलेलं दिसतंय. मी म्हटलं, कधी बिघडलं होतं? आणि मला बरं वाटलं. रोज सकाळी त्या दाराशी ती स्वच्छ बाटली बघितली की एखादं भांडण जिंकल्यासारखं वाटायचं, फक्त कुणाशी ते कळायचं नाही.

मग एका शुक्रवारी जेफ्री आला. यायचा दिवस नव्हता. आधी माझ्याकडे आला, आईकडे जायच्या आधीच, आणि दारातच उभा राहून हातातली किल्ली फिरवत राहिला. म्हणाला, आश्रमात एक खोली रिकामी झालीय. सोमवारपर्यंत हो म्हणायचं. आणि आता हो म्हणावंच लागणार.

मी विचारलं, काय झालं?

"फोनवर काहीबाही सांगते ती, मिसेस क्रॉसली. भास होतात तिला. तुम्हाला काय सांगू, मला बोलायलाही बरं वाटत नाही. डॉक्टर म्हणतात असंच सुरू होतं. लोक आपल्या वाईटावर आहेत असं वाटायला लागतं."

मी म्हटलं मला तर काही वेगळं दिसत नाही. तुमच्या आईच्या बाटल्या बघा, आरशासारख्या असतात. तो माझ्याकडे बघून केविलवाणा हसला. म्हणाला, तुमचा फार आधार वाटतो. म्हणजे माझा काही उपयोग झाला नव्हता.

शनिवारी मी रोजच्यापेक्षाही लवकर उठले. जेफ्री घरात झोपलेला, त्याने दार उघडलं आणि अर्धी दुधाची बाटली बघितली तर संपलंच. स्टॅन पांघरुणातून म्हणाला, आज नको जाऊस. मी म्हटलं, आजच तर जायला हवं.

रस्त्यावर कुत्रं नव्हतं. मी त्यांची बाटली उचलली. चांगली निम्म्याच्या वर भरलेली. माझी स्वच्छ बाटली ठेवायला वाकले आणि दार उघडलं.

थ्रेलफॉलबाई पूर्ण कपडे करून उभ्या होत्या. एप्रन, जाळी, पायांत बाहेरचे बूट, हातात कोळशाचं फावडं. दाराच्या आत खुर्ची मांडलेली दिसत होती. म्हणजे त्या बसून वाट बघत होत्या.

"जेफ्री," त्यांनी आत हाक मारली, माझ्यावरची नजर न काढता. "खाली ये. तुला माझं डोकं फिरलंय असं वाटतंय ना? ये आणि बघ."

मी पळाले नाही. पळणार कुठे, घर समोरच. एका हातात त्यांचं दूध, दुसऱ्या हातात माझी बाटली, अंगात गाऊन. जेफ्री पायजम्यात खाली आला, डोळे चोळत. रस्त्यापलीकडे माझ्या शेजारची खिडकी वर सरकली आणि मॉरीन बिबीचं डोकं केसांतल्या रोलरसकट बाहेर आलं. तिला असल्या गोष्टींसाठी गजर लावावा लागत नाही.

"एक महिना," थ्रेलफॉलबाई म्हणाल्या. "एक महिना मी याला फोनवर सांगतेय, कुणीतरी माझं दूध पळवतं. हा म्हणतो आई, तू विसरतेस. मी काय विसरते? रोज संध्याकाळी अर्धी बाटली मी माझ्या हाताने इथे ठेवते. थंड राहायला. सकाळी उठून बघते तर दूध गायब, आणि वर चोराची ऐट बघा, बाटली धुऊन ठेवलेली."

जेफ्री म्हणाला, "आई, पण पायरीवर कशाला? फ्रिज आहे ना."

"तुझं ते कपाट रात्रभर घुरघुरतं. डोक्याशी इंजिन लावल्यासारखं. मी त्याचं बटण बंद केलं. आणि तळघराच्या जिन्यापाशी माझी दगडी लादी होती, चाळीस वर्षं दूध त्यावर राहिलं, ती तू फोडून काढलीस ते कपाट बसवायला. आता घरात दगड कुठे उरलाय? ही पायरीच. उत्तरेची, दुपारपर्यंत ऊन नाही. मी पाचला उठते, मिलमध्ये होते तेव्हापासून उठते. क्लिफ येईपर्यंत मी काय कोरा चहा पिऊ?"

मी तिथे उभी राहून ते ऐकलं, आणि माझे कान तापले. आमच्या गल्लीत पायरीवर ठेवलेली बाटली म्हणजे रिकामी, न्यायची बाटली. तिचा दुसरा काही अर्थ असू शकतो हे माझ्याच काय, कुणाच्याच डोक्यात आलं नसतं. बाई सकाळी ते दूध आत घेत होती, चहा करत होती, बाटली धुऊन परत ठेवत होती, आणि क्लिफला लखलखीत बाटली मिळत होती. मी मध्ये शिरेपर्यंत. मी महिनाभर त्या म्हातारीचा सकाळचा चहा मोरीत ओतला होता. आणि त्यापायीच तिचा मुलगा तिला वेडी ठरवून न्यायला आला होता.

जेफ्री माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर अजूनही आशा होती, की मी काहीतरी समजूतदार सांगेन.

"मिसेस क्रॉसली, काहीतरी गैरसमज असणार. आईला तसं वाटतंय. तुम्ही काय ते सांगा ना."

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. सांगितलं असतं तर माझं नाव क्षणात धुऊन निघालं असतं. मला वाटलं तुमच्या आईचं डोकं गेलंय, त्या घाण बाटल्या ठेवतात, मी झाकत होते. मॉरीनने तिथल्या तिथे दुजोरा दिला असता, हो हो, मी पण बघितलं, दुकानात बोलणं झालं होतं. क्लिफच्या बापाचा खोकला निघाला असता. म्हणजे एकट्या मुलालाच नव्हे, सगळ्या गल्लीला महिनाभर वाटत होतं की आयव्ही थ्रेलफॉल कामातून गेली. तिने ते दारात उभं राहून ऐकलं असतं, हातात फावडं धरून. आणि जेफ्रीने सोमवारी हो म्हटलं असतं.

"गैरसमज नाही," मी म्हटलं. "तुमची आई बरोबर सांगतेय. दूध मीच नेत होते."

रस्त्यापलीकडून मॉरीनचा श्वास आत ओढल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

जेफ्री म्हणाला, "रोज?"

"रोज."

त्याने आईकडे पाहिलं, मग त्या फावड्याकडे, मग माझ्या गाऊनकडे. त्याच्या तोंडावर राग यायच्या आधी सुटका दिसली, ती मी विसरणार नाही. आईला भास होत नव्हते. कुणीतरी खरंच तिचं दूध नेत होतं. मग त्याला राग आला, आणि रागात तो फार सभ्य होतो. म्हणाला, मी पोलिसांत जाणार नाही, पण तुमच्यावर मी विश्वास टाकला होता. मी मान हलवली. बाटली थ्रेलफॉलबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरून किती आहे ते बघितलं आणि दार लावून घेतलं. मी रस्ता ओलांडला. एवढा रुंद रस्ता मी पुन्हा कधी ओलांडला नाही.

थोड्या वेळाने क्लिफ आला तेव्हा मी दारातच बसले होते. त्याला मी खरं सांगितलं, कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. त्याने क्रेट खाली ठेवला. म्हणाला, "तिच्या बाटल्या? डोरीन, सगळ्या फेरीत तिच्या बाटल्या सगळ्यांत स्वच्छ. मला एकदा विचारायचंस तरी." मी त्याला म्हटलं, हे तुझ्या तोंडातून बाहेर पडलं तर मी दूध बंद करीन. तो निघून गेला, आणि ते त्याच्या तोंडातून कधी बाहेर पडलं नाही.

जेफ्री रविवारी एकटाच परत गेला. जाताना फ्रिजही मोटारीत घालून घेऊन गेला, आणि पुढच्या महिन्यात गवंडी पाठवून दगडी लादी परत बसवून दिली. आश्रमातली खोली कुणा दुसऱ्याला गेली.

माझं काय झालं ते सांगायला नको. दुधाची चोरी आमच्याकडे फार वाईट. पाकीट मारणारा परवडला, तो निदान परक्याचं मारतो. सकाळी मी दार उघडलं की समोरच्या, शेजारच्या बायका घाईघाईने आपापल्या बाटल्या आत घ्यायच्या. मॉरीन तर माझ्याशी दुकानात फार गोड बोलायला लागली, आजारी माणसाशी बोलावं तशी. स्टॅनला क्लबात कुणीतरी म्हणालं, चहात दूध किती घालू, की घरून आणलंयस? तो त्या माणसावर धावून गेला म्हणे. घरी येऊन मला म्हणाला, आता खरं सांगून टाक, म्हातारी राहिली ना घरी. मी म्हटलं, आज सांगितलं तर उद्या साउथपोर्टला कळेल. तो म्हणाला, मग मी काय जन्मभर दूधचोराचा नवरा? मी म्हटलं, हो. त्या रात्री मी रडले. रागाने रडले, आणि कुणावर रागावायचं ते न कळून आणखी रडले.

आठवडाभराने, संध्याकाळी, दार वाजलं. थ्रेलफॉलबाई. वीस वर्षांपूर्वी त्या माझी बाटली परत करायला आल्या होत्या, त्यानंतर त्यांनी आमचं दार वाजवलं नव्हतं. हातात अर्धी बाटली दूध, वर झाकण नीट बसवलेलं.

"घे," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, नको, मिसेस थ्रेलफॉल. आम्हाला आहे.

"मला नको सांगूस. मिल बंद झाली, स्टॅन घरी बसलाय, मला दिसतं. मी समोरच राहते." मग त्यांनी आवाज खाली आणला. त्यांचा आवाज खाली येतो हे मला तेव्हा कळलं. "संपाच्या वर्षी आमच्या घरी दूध नव्हतं. जेफ्री पाळण्यात होता. मी काय केलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तुला लाज वाटली असेल, म्हणून मागितलं नाहीस. पण चोरायचं नाही गं. दार वाजवायचं."

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. मागे स्टॅन पेपर खाली करून माझ्याकडे बघत होता. मी बाटली घेतली आणि म्हटलं, "उपकार झाले."

"उपकार कसले. उद्यापासून तू ये. माझे पाय दुखतात."

तर मी जायला लागले. रोज संध्याकाळी दार वाजवायचं. आधी त्या दारातूनच बाटली द्यायच्या. मग थंडी पडली तेव्हा म्हणाल्या, आत ये, दार उघडं राहतं आणि माझा कोळसा फुकट जळतो. मग चहा. एकदा मी पातेलं गॅसवरून उतरवलं, त्या विसरल्या होत्या म्हणून, आणि दोघींनीही ते झाल्याचं दाखवलं नाही. कधीकधी त्या मला माझ्या आईच्या नावाने हाक मारायच्या. त्या दोघी मिलमध्ये एकाच रांगेत होत्या, हे मला तेव्हाच कळलं. मी ओ द्यायचे. दूध घरी आणून मी खीर करायचे. आता ते माझं होतं.

जेफ्रीचा फोन दर रविवारी संध्याकाळी यायचा. फोन बाहेरच्या खोलीत जिन्यापाशी होता, आणि कमी ऐकू येत असल्याने थ्रेलफॉलबाई फोनवर ओरडून बोलायच्या. दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात, त्या एकदा पायरीवर घसरल्यावर, त्याने पुन्हा आश्रमाचा विषय काढला. मी आत स्वयंपाकघरात बसले होते, मांडीवर माझी अर्धी बाटली. मला त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, यांचं येत होतं.

"नाही रे, मला नाही जमायचं," त्या म्हणत होत्या. "समुद्र बघून काय करू? आणि समोरच्या पोरीचं कसं होईल? नवरा घरी बसलेला, घरात दुधाची पंचाईत. मी इथून हलले तर ती पुन्हा चोरायला लागेल, आणि तिला कुणी दुसरं पकडलं तर सोडणार नाही." मग बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वाईट नाहीये रे ती. तिच्याकडे कुणीतरी बघायला हवं, एवढंच."

फोन ठेवून त्या आत आल्या तेव्हा मी डोळे पुसत होते. त्यांनी विचारलं काय झालं. मी म्हटलं कांदा. त्यांच्या घरात कांदा चिरलेला नव्हता, पण त्यांनी माझं खोटं पकडलं नाही, नुसतं आधण चढवलं.